वन्य माद्यांची गर्भधारणा लेंड्यांमधील संप्रेरकांवरून ओळखणे कितपत विश्वासार्ह आहे?

प्रश्न : रानवाट

मी प्राणिशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असून, मुक्तपणे वावरणाऱ्या एका मोठ्या हरणजातीच्या कळपांतील किती माद्या दर वर्षी गाभण राहतात आणि त्यांपैकी कितींची पाडसे पुढील हंगामापर्यंत टिकतात, या विषयावर प्रबंध लिहिण्याच्या विचारात आहे. माद्यांना भूल देऊन रक्त काढणे किंवा सोनोग्राफी करणे मला शक्य नाही आणि ते योग्यही वाटत नाही, कारण पाठलाग, पकड आणि भूल यांचा ताण गाभण मादीलाच सर्वांत महागात पडतो. म्हणून लेंड्या गोळा करून त्यांतील संप्रेरके मोजण्याचा मार्ग माझ्या मार्गदर्शकांनी सुचवला आहे.

पद्धतीचे तत्त्व वाचनातून समजले आहे, परंतु काही शंका सुटत नाहीत. एका मादीचा एकच नमुना मिळाला, तर त्यावरून ती गाभण आहे की नाही हे सांगता येते का? माणसांच्या रक्ततपासणीसाठी बाजारात मिळणारा, प्रोजेस्टेरॉन (गर्भधारणा टिकवणारे संप्रेरक) मोजणारा एलायझा संच, म्हणजे प्रतिपिंडांवर आधारलेला चाचणीसंच, लेंडीच्या अर्कावर चालतो का? जंगलात पडलेली लेंडी किती जुनी असली तरी चालते? आणि गर्भपात झाला असेल, तर तो या पद्धतीने लक्षात येतो का? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : अर्कशाळा

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण इतर शंकांची उत्तरे बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून आहेत. आपण लेंडीत जे मोजतो ते बहुतेक वेळा प्रोजेस्टेरॉन नसतेच. अंडाशयातील पीतपिंडाने (अंडमोचनानंतर तेथे तयार होणाऱ्या ग्रंथीने) किंवा वारेने रक्तात सोडलेले प्रोजेस्टेरॉन यकृतात पोहोचले की त्याच्या रेणूत बदल होतात, त्याला ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडले जाऊन ते पाण्यात विरघळण्याजोगे होते, आणि मग त्याचा काही भाग मूत्रपिंडांवाटे मूत्रात, तर काही भाग पित्तावाटे आतड्यात जातो. आतड्यातील जिवाणू ही जोडणी पुन्हा तोडतात आणि रेणूत आणखी फेरफार करतात; त्यातील काही अंश आतड्याच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शोषला जाऊन यकृताकडे परत जातो आणि उरलेले मिश्रण विष्ठेतून बाहेर पडते. या मिश्रणात प्रामुख्याने प्रेग्नेन गटातील अनेक संयुगे असतात, त्यांचे परस्पर प्रमाण जातीगणिक बदलते, आणि मूळ प्रोजेस्टेरॉनचा वाटा पुष्कळ जातींत नगण्य असतो.

मूत्र आणि विष्ठा यांच्यातील वाटणीही सर्वत्र सारखी नसते. मांजरामध्ये अंडाशयाच्या स्टेरॉइड संप्रेरकांचा ९० टक्क्यांहून अधिक भाग विष्ठेतून बाहेर पडतो, म्हणूनच मार्जारकुळातील प्राण्यांचे प्रजननचक्र अभ्यासण्यासाठी विष्ठा हे उत्तम साधन ठरले. याउलट काही प्राण्यांत बराच मोठा भाग मूत्रातून जातो. हत्तिणीच्या तर रक्तातच प्रोजेस्टेरॉन अत्यल्प असते आणि तिच्या पीतपिंडाचे काम ५-अल्फा-प्रेग्नेन गटातील संयुगांवरून ओळखावे लागते. केवळ प्रोजेस्टेरॉन मोजणाऱ्याला हत्तिणीचे १३ ते १७ आठवड्यांचे चक्र जवळजवळ सपाट दिसेल, आणि त्याचा दोष तो प्राण्याच्या माथी मारील.

बाजारातील संचाची अडचण येथेच आहे. माणसाच्या रक्तासाठी केलेल्या संचातील प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारे प्रथिन, मुद्दाम असे निवडलेले असते की ते प्रोजेस्टेरॉनलाच घट्ट धरावे आणि त्याच्या जवळच्या नातलग संयुगांना सोडून द्यावे. रक्तासाठी हा गुण आहे. लेंडीसाठी तोच दोष ठरतो. आपल्याला प्रेग्नेन गटातील अनेक संयुगांना एकत्रितपणे ओळखणारे, म्हणजे गटविशिष्ट, प्रतिपिंड हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेतून आलेले सीएल ४२५ हे मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशातून मिळवलेले) प्रतिपिंड याच कारणामुळे कितीतरी वन्य जातींवर वापरले गेले आहे. अर्थात ते इतर जातींवर चालले म्हणून आपल्या जातीवर चालेलच, असे गृहीत धरता येत नाही.

संचाने आकडा दिला म्हणजे चाचणी चालली, असे कृपया समजू नका, कारण संच काही ना काही आकडा नेहमीच देतो. अर्क क्रमाक्रमाने पातळ करीत गेल्यावर मिळणारी रेषा प्रमाण द्रावणाच्या रेषेला समांतर राहते का, अर्कात ठाऊक प्रमाणात संप्रेरक मिसळल्यावर तेवढे परत मोजता येते का, आणि एकाच नमुन्याची पुनःपुन्हा केलेली मोजणी जुळते का, हे आधी पाहावे लागते. एवढे झाले तरी चाचणी केवळ रसायनशास्त्राच्या दृष्टीने सिद्ध होते. ती जीवशास्त्राच्या दृष्टीने सिद्ध होण्यासाठी अशा माद्यांच्या लेंड्या हव्यात ज्या गाभण होत्या हे त्यांच्या विण्यावरून नंतर निर्विवाद ठरले, आणि त्यांच्या जोडीला नक्की गाभण नसलेल्या माद्यांच्याही हव्यात. ही पायरी वगळून लिहिलेले निबंध मी पाहिले आहेत आणि त्यांतील आलेख कितीही देखणे असले तरी त्यांवर माझा विश्वास बसत नाही.

उत्तर २ : पाणवठा

प्रत्यक्ष संकलनाविषयी लिहितो. लेंडी जमिनीवर पडल्यानंतरही तिच्यातील जिवाणू काम करीत राहतात, त्यामुळे मोजलेली पातळी काळानुसार घटू शकते, आणि प्रतिपिंडाला अधिक चांगली ओळखता येणारी संयुगे तयार झाली तर ती वाढूही शकते. जुना नमुना म्हणजे कमी आकडा, असा साधा हिशेब येथे लागत नाही. मादीला दुरून विष्ठा टाकताना पाहावे, ती निघून गेल्यावर लेंड्या उचलाव्यात आणि शक्यतो तासा-दोन तासांत त्या उणे २० अंशांवर गोठवाव्यात. गोठवण्याची सोय नसेल तर लगेच ८० ते ९० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. मात्र जी पद्धत निवडाल ती शेवटपर्यंत बदलू नका. गोठवलेले आणि अल्कोहोलमधील नमुने एकाच आलेखावर मांडले, तर दिसणारा फरक मादीचा की बाटलीचा, हे सांगता येणार नाही.

पावसात भिजलेल्या आणि मूत्राने ओल्या झालेल्या लेंड्या घेऊ नयेत. संप्रेरके विष्ठेत सर्वत्र सारखी पसरलेली नसतात, म्हणून एका ढिगातील बऱ्याच लेंड्या घेऊन त्या नीट कालवाव्यात आणि मग त्यातून मोजणीपुरता भाग काढावा. आपल्या जातीची लेंडी किती तासांपर्यंत भरवशाची राहते, हे ठरवण्याचा मार्ग सोपा आहे: ताज्या लेंड्यांचे काही ढीग मिसळून त्यांचे भाग करावेत, ते त्याच रानात, त्याच ऋतूत, उन्हात आणि सावलीत ठेवावेत, आणि ठरावीक अंतराने एकेक भाग गोठवून सर्वांची मोजणी एकदम करावी.

उत्तर ३ : ऋतुचक्र

एका नमुन्याविषयीच्या शंकेचे उत्तर आपण तो नमुना केव्हा घेता यावर अवलंबून आहे. माजाचे चक्र सुरू असलेल्या मादीच्या अंडाशयात अंडमोचनानंतर पीतपिंड तयार होतेच आणि गर्भ राहो वा न राहो, काही दिवस प्रोजेस्टेरॉन चढलेले असते. त्या दिवसांतील लेंडी आणि गर्भधारणेच्या सुरुवातीची लेंडी या आकड्यांवरून वेगळ्या काढता येत नाहीत. जी जात वर्षभर केव्हाही माजावर येते, तिच्या बाबतीत पीतपिंडाच्या आयुष्याहून अधिक अंतराने घेतलेले किमान दोन उंच नमुने हवेत. अधिक मिळाले तर उत्तमच. ज्या जातीचा माजाचा हंगाम ठरलेला असतो, तिच्या बाबतीत मात्र हंगाम पूर्ण संपून चक्रे थांबल्यानंतर घेतलेला एकच नमुना पुरेसा बोलका ठरू शकतो.

उत्तर अमेरिकेतील एल्क या मोठ्या हरणाचे उदाहरण आपल्याला उपयोगी पडेल. त्याच्या माद्या शरद ऋतूत माजावर येतात, चक्र सुमारे २१ दिवसांचे असते, गर्भकाळ सुमारे ८ महिन्यांचा असतो, आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात घेतलेल्या लेंड्यांवरून गाभण माद्या ओळखता येतात. स्कॉट क्रील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले की अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात ज्या कळपांवर लांडग्यांचा दाब अधिक होता, त्यांतील माद्यांच्या विष्ठेतील प्रोजेस्टेरॉन कमी होते आणि पुढील वर्षी त्या कळपांत पाडसेही कमी दिसली. या निष्कर्षाच्या अर्थावरून नंतर बरेच वाद झाले. ते आपण अवश्य वाचावेत, कारण घटलेली सरासरी पातळी म्हणजे कमी माद्या गाभण, की गाभण माद्यांमध्येच कमी संप्रेरक, की नमुन्यांतील फरक, हा प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागणार आहे.

गर्भपाताविषयी सांगायचे तर लेंडीतून गर्भपात थेट दिसत नाही. दिसते ते इतकेच की अमुक मादी अमुक तारखेला गाभण होती आणि नंतर तिच्या मागे पाडस नव्हते. यासाठी ती मादी दोन्ही वेळी तीच होती, याची खात्री हवी. सॅम्युएल वॉसर यांच्या गटाने पॅसिफिक महासागराच्या ईशान्य भागातील ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, यांवर केलेले काम या दृष्टीने आदर्श आहे. नावेच्या नाकाडावर बसवलेला प्रशिक्षित कुत्रा पाण्यावर तरंगणाऱ्या विष्ठेचा वास हुंगून दिशा दाखवीत असे. २००८ ते २०१४ या काळात मिळालेल्या नमुन्यांतील डीएनएवरून मादीची ओळख पटवण्यात आली, प्रोजेस्टेरॉन आणि टेस्टोस्टेरॉन यांच्या अवशेषांवरून गर्भधारणा ठरवण्यात आली, आणि त्या समूहातील प्रत्येक प्राणी छायाचित्रांवरून ओळखीचा असल्यामुळे कोणाला पिल्लू झाले हे निरीक्षकांना ठाऊक होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत गर्भधारणा अयशस्वी ठरल्याचे दिसले आणि त्याचा संबंध चिनूक सामन माशांच्या तुटवड्याशी जोडला गेला. ही सर्व ताकद मादीची वैयक्तिक ओळख असण्यातून आली आहे. ती वगळली तर हाती फक्त सरासरी उरते.

रानवाट (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या जातीचा माजाचा हंगाम बऱ्यापैकी ठरलेला आहे, त्यामुळे उत्तर ३ मधील मार्ग शक्य दिसतो. दोन पूरक प्रश्न विचारतो. त्याच रानात मार्जारकुळातील एक मध्यम आकाराचा शिकारी प्राणी आहे. त्याच्या विष्ठेवरही हीच चाचणी करून प्रबंधाला एक प्रकरण जोडता येईल का? आणि प्रत्येक नमुन्याची डीएनए ओळख पटवणे मला खर्चाच्या दृष्टीने झेपणारे नाही, तेव्हा ती टाळली तर काम निरर्थक ठरेल का?

उत्तर ४ : मांजरपावले

मार्जारकुळाचे प्रकरण जोडण्यापूर्वी दोनदा विचार करा. या कुळात समागमामुळे, आणि काही जातींत त्याशिवायही, अंडमोचन होते. गर्भ राहिला नाही तरी पीतपिंडे दीर्घकाळ कार्यरत राहतात आणि छद्मगर्भाची अवस्था येते. चित्त्याच्या मादीत खरा गर्भकाळ सुमारे ९३ दिवसांचा असतो आणि छद्मगर्भात प्रोजेस्टेरॉन त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक काळ चढलेले राहते. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतील नमुने दोन्ही अवस्थांत एकसारखेच दिसतात, आणि पातळी उतरते केव्हा, हे पाहण्यासाठी त्याच मादीची विष्ठा आठवड्यामागून आठवडे मिळवावी लागते. प्राणिसंग्रहालयात हे शक्य असते. रानात एकांड्या फिरणाऱ्या शिकारी मादीच्या बाबतीत ते जवळजवळ अशक्य आहे.

लिंक्स या रानमांजरात याहूनही पेच आहे, कारण तिची पीतपिंडे वीण झाल्यानंतरही वर्षभर व त्याहून अधिक काळ टिकून राहतात आणि प्रोजेस्टेरॉनचे अवशेष गर्भधारणेविषयी काहीच सांगत नाहीत. आयबेरियन लिंक्सच्या बंदिस्त प्रजननात यावर तोडगा निघाला तो प्रोस्टाग्लँडिन एफ-२-अल्फा या संप्रेरकासारख्या संयुगाच्या पीजीएफएम नावाच्या अवशेषाचा. त्याची विष्ठेतील पातळी गर्भकाळाच्या शेवटच्या तृतीयांशात चढते आणि छद्मगर्भात चढत नाही. मार्जारकुळातील इतर अनेक जातींतही हेच दिसून आले आहे. तेव्हा हे प्रकरण लिहायचेच असेल तर प्रोजेस्टेरॉन बाजूला ठेवून पीजीएफएमची चाचणी उभी करा, आणि विष्ठा वाळवून दळल्यानंतर शिकारीचे केस व हाडांचे तुकडे चाळून काढायला विसरू नका, कारण त्यांचे वजन धरले गेले तर दर ग्रॅमचा आकडा खोटा पडतो.

ही अडचण केवळ मांजरांची नाही. अस्वलांत गर्भ गर्भाशयाच्या भिंतीत रुजण्याआधी कित्येक महिने थांबून राहतो आणि छद्मगर्भही आढळतो. युरोपातील रो हरणाच्या गर्भालाही असाच दीर्घ विराम असतो आणि त्या काळात गाभण व रिकाम्या माद्यांचे प्रोजेस्टेरॉन जवळपास सारखे असते. आपली हरणजात या प्रकारातील नाही ना, एवढे खात्रीपूर्वक पाहून घ्या.

उत्तर ५ : झुडूप

डीएनए ओळखीविषयीचा उत्तर ३ मधील आग्रह मला पूर्णपणे पटत नाही. प्रश्न एखाद्या मादीच्या गर्भपाताचा असेल तर ओळख अनिवार्य आहे, हे मान्य. पण ‘या वर्षी या कळपांतील प्रौढ माद्यांपैकी साधारण किती हिस्सा गाभण आहे’, एवढाच प्रश्न असेल, तर कळप मोठा असताना थोड्या दिवसांत विस्तीर्ण क्षेत्रातून गोळा केलेल्या नमुन्यांत तीच मादी पुन्हा येण्याची शक्यता कमी असते आणि त्यातून होणारी चूक सहन करण्याजोगी असते. जी चूक सहन होत नाही ती वेगळीच आहे: नराची किंवा वयात न आलेल्या मादीची लेंडी चुकून आली तर तिच्यातील नीच पातळीमुळे ती ‘गाभण नसलेली मादी’ म्हणून मोजली जाते आणि गर्भधारणेचे प्रमाण विनाकारण खाली येते. लेंडीच्या आकारावरून हा भेद करणे धोक्याचे आहे. म्हणून संपूर्ण जनुकीय ओळख टाळली तरी डीएनएवरून नर-मादी ओळखण्याची साधी चाचणी टाळू नये. किंवा मग उत्तर २ मध्ये सांगितल्याप्रमाणे फक्त डोळ्यांदेखत पडलेल्या लेंड्याच घ्याव्यात.

आणखी एका गोष्टीकडे येथे कोणी लक्ष वेधलेले नाही, ती म्हणजे आहार. नायजेरियातील गशाका-गुमटी येथील ऑलिव्ह बबून माकडांच्या माद्यांमध्ये वर्षाच्या ठरावीक काळात विष्ठेतील प्रोजेस्टेरॉनसदृश संयुगांची पातळी एकदम उसळत असे आणि त्याच काळात माजाची बाह्य लक्षणे, म्हणजे पार्श्वभागाची सूज, दिसत नसे. उलगडा झाला तो त्यांच्या खाण्यातून: त्या काळात त्या व्हायटेक्स डोनियाना या झाडाची फळे आणि पाने खात होत्या. आपली निर्गुंडी याच व्हायटेक्स प्रजातीतील आहे. केवळ विष्ठेचे आकडे हाती असते, तर हा संपूर्ण कळपच एकाच वेळी गाभण राहिला, असे कोणीही लिहून मोकळे झाले असते. वनस्पतिभक्षी जातीवर काम करताना ऋतूनुसार खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची नोंद आकड्यांच्या शेजारी असायलाच हवी.

चाऱ्यातील तंतूंचेही तसेच आहे. चारा कोवळा असतो तेव्हा आणि तो वाळून चोथट होतो तेव्हा, विष्ठेचे प्रमाण आणि ती आतड्यातून जाण्याचा वेग दोन्ही बदलतात, त्यामुळे अंडाशयातून तेवढेच संप्रेरक येत असले तरी दर ग्रॅम विष्ठेतील पातळी बदलू शकते. आकडे कोरड्या वजनावर मांडले तर ओलाव्यामुळे होणारी चूक जाते, तंतूंमुळे होणारी पूर्णपणे जात नाही. म्हणून पावसाळ्यातील गाभण मादी आणि उन्हाळ्यातील रिकामी मादी यांची तुलना करण्याऐवजी एकाच पंधरवड्यातील नमुने आपापसात ताडून पाहावेत.

उत्तर ६ : अर्कशाळा

आहाराविषयीचा मुद्दा अगदी योग्य आहे, आणि लिंगनिश्चितीबाबतही मी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. गाभण आणि रिकाम्या माद्यांच्या आकड्यांमध्ये एखादी स्वच्छ सीमारेषा असते, ही अपेक्षा सोडून द्या. दोन्ही गटांचे आकडे काही भागात एकमेकांत मिसळलेले असतात, विशेषतः गर्भकाळाच्या सुरुवातीला. अशा वेळी एक मर्यादा ठरवून वरचे सर्व गाभण आणि खालचे सर्व रिकामे असे करण्यापेक्षा, प्रत्येक नमुना गाभण मादीचा असण्याची संभाव्यता मांडणे अधिक प्रामाणिक ठरते. एकाच मादीचे पुष्कळ नमुने असतात तेव्हा सरासरीहून दीड किंवा दोन प्रमाण विचलने वर असलेले आकडे काढून टाकीत, असा एकही आकडा न उरेपर्यंत ही क्रिया पुन्हा करून तिची आधारपातळी काढतात. पण ती पद्धत आपल्या विखुरलेल्या, एकेका नमुन्यांना लागू करू नका.

विलंबाचाही विचार करा. लेंडी रक्तातील आजची स्थिती सांगत नाही, तर अन्न आतड्यातून जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या काळापूर्वीची सांगते. हा विलंब मेंढीत सुमारे १२ तास, तट्टात सुमारे २४ तास आणि डुकरात सुमारे ४८ तास असल्याचे मोजले गेले आहे. गर्भधारणेच्या प्रश्नाला एवढ्या फरकाने बाधा येत नाही. माजाचा नेमका दिवस शोधायचा असेल तर मात्र येते.

पहिल्या वर्षी रानातील शेकडो नमुन्यांच्या मागे न लागता एखाद्या प्राणिसंग्रहालयातील त्याच जातीच्या माद्यांच्या लेंड्या आठवड्यातून दोनदा मिळतील का, याची विचारणा करावी. त्यांतील काही माद्या विण्यापर्यंत आणि काही माद्या गर्भाशिवाय संपूर्ण हंगामभर पाहता आल्या, तर अर्धा ग्रॅम ओली विष्ठा ८० टक्के मिथेनॉलच्या ५ मिलिलिटरमध्ये घुसळून काढलेल्या साध्या अर्कावरही दोन्ही गटांतील अंतर केव्हापासून स्पष्ट होते ते कळेल. रानातून कोणत्या महिन्यात आणि किती नमुने आणायचे, हे त्यानंतरच ठरवता येईल. मधल्या काळात रानातील लेंड्या साठवून ठेवायला हरकत नाही, परंतु गोठवणयंत्राचा वीजपुरवठा खंडित झाला तर त्याची नोंद राहील अशी व्यवस्था आधी करून घ्यावी.